पहिल्यांदाच एव्ही रिसीव्हर घेतोय, कोणता घेऊ आणि लावताना काय काय बघू?

तुम्ही लिहिलंय की खोली १२ बाय १५ फुटांची आहे, फोरके टीव्ही आहे, गेमिंग कन्सोल आहे, टीव्हीच्या आवाजात संवाद नीट कळत नाहीत म्हणून होम थिएटर करायचं ठरवलंय, आणि आता रिसीव्हर (टीव्ही, कन्सोल आणि सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायरचा डबा) निवडताना ५.२, ७.२, ९.२, कुणी १००० वॅट म्हणतंय कुणी ८०, त्यात काहीच ठरत नाहीये. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट म्हणजे संवाद, त्यामुळे सगळं त्याच अंगाने सांगतो. मीही त्याच कारणासाठी यात पडलो. आईला एका कानाने कमी ऐकू येतं, पिक्चर बघताना ती दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला तो?" विचारायची, मग हळूहळू विचारायचंच बंद केलं, नुसती चित्रं बघत बसायची. ते मला फार लागलं होतं.

आधी वॅटचं मिटवून टाकू. खोक्यावर जो मोठा आकडा असतो तो कसा मोजलाय ते स्पेसिफिकेशनमध्ये बघा. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), २ चॅनल चालू, असं काहीतरी लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवा. ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, १ चॅनल चालू, असं असेल तर तो आकडा फुगवलेला आहे, तोच रिसीव्हर पहिल्या पद्धतीने मोजला तर बराच खाली येईल. आणि मुळात वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे वॅट दहापट. त्यापेक्षा ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर घेतले की वॅट दुप्पट केल्याचा फायदा आपोआप मिळतो. तुमच्या खोलीला खऱ्या मापाने ८० वॅटचा रिसीव्हर भरपूर झाला.

चॅनलचं गणित असं की पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा (खोल बेस काढणारा स्पीकर) आणि तिसरा असलाच तर वरच्या, म्हणजे छताकडच्या स्पीकरचा. पण रिसीव्हरच्या नावात ७.२ असतं तेव्हा तो ७ ॲम्प्लिफायर आणि सबवूफरची २ आउटपुटं एवढंच सांगत असतो, आणि स्वस्त मॉडेलमध्ये त्या दोन्ही आउटपुटांतून बहुतेक एकच सिग्नल येतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. माझं मत विचाराल तर ७ चॅनलचा घ्या आणि सुरुवातीला ५.१ च लावा. नंतर हौस वाटली तर उरलेल्या दोन चॅनलवर वरचे स्पीकर लावून ५.१.२ होतं, म्हणजे डॉल्बी ॲटमॉसही (ज्यात आवाज वरूनही येतो) आलं. ९ चॅनलची तुमच्या खोलीत गरज नाही, ते पैसे सेंटर स्पीकरला द्या. बहुतेक सगळे संवाद त्या एका स्पीकरमधून येतात आणि लोक नेमका तोच सगळ्यात छोटा घेतात. डावा, उजवा आणि सेंटर हे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर माणूस पडद्यावर इकडून तिकडे चालला की त्याचा आवाजच बदलतो.

एचडीएमआयबद्दल दोनच गोष्टी बघा. एक, ई-आर्क आहे का. आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच उलट रिसीव्हरकडे आणायची सोय, ई-आर्क तिची जास्त क्षमतेची आवृत्ती. साध्या आर्कमधून स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस येतं कारण ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून पाठवलेलं असतं, पण ब्लू-रे वरचं डॉल्बी ट्रूएचडी (दर्जा न घटवलेला आवाज) टीव्हीमार्गे रिसीव्हरला पोचवायचं तर ई-आर्कच लागतं, आणि ते टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडे हवं. दुसरी गोष्ट कन्सोलची. फोरके १२० हर्ट्झ खेळायचं असेल तर रिसीव्हरच्या सगळ्याच इनपुटांवर ते चालत नाही, कितीवर चालतं ते मॅन्युअलमध्ये वाचा, किंवा सरळ कन्सोल टीव्हीला जोडा आणि आवाज ई-आर्कने रिसीव्हरकडे आणा. मी तेच करतो, कटकट कमी. आणि रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज जुळवून घेणारी सोय) कुठलं आहे ते जरूर बघा, डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी असतं, यामाहामध्ये वायपाओ, ऑन्कियोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डिराक. एकाच ब्रँडमध्ये याच्याही वरच्या-खालच्या आवृत्त्या असतात, दोन मॉडेलमध्ये अडकलात तर वॅटकडे न बघता ज्यात हे वरचं आहे तो उचला.

आता लावायचं. रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नका, वर निदान चार-सहा इंच जागा मोकळी ठेवा, तो तापतो. स्पीकरची वायर १६ गेजची पुरते, मागच्या स्पीकरपर्यंत लांब जाणार असेल तर १४ घ्या, आकडा कमी म्हणजे वायर जाड. वायर जोडताना प्लग काढलेला असू द्या. माझा रिसीव्हर पहिल्या दिवशी चालू केला की टक् आवाज करून बंद पडायचा, परत चालू, परत टक्. मला वाटलं पीसच खराब आलाय, परत पाठवायच्या तयारीत होतो. शेवटी मोबाईलचा टॉर्च मारून मागे बघितलं तर उजव्या स्पीकरच्या लाल टर्मिनलमधून तांब्याचा केसाएवढा एक तंतू सुटून शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकला होता. रिसीव्हर बिचारा शॉर्ट ओळखून स्वतःला वाचवत होता. म्हणून वायर सोलली की टोक घट्ट पिळा, किंवा बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसवायची पिन) लावा. लाल ते लाल, काळा ते काळा हेही प्रत्येक स्पीकरला दोनदा तपासा. पुढच्या दोनपैकी एक उलटा जोडला गेला तर गाण्यातला आवाज मधे न येता कुठूनही येतोय असं वाटतं आणि बेस गायब होतो, आणि माणूस स्पीकरलाच दोष देत बसतो.

जागा म्हणाल तर बसायच्या ठिकाणाहून बघितलं की डावा-उजवा मधल्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर, सराउंड, म्हणजे बाजूचे-मागचे दोन स्पीकर, बाजूला थोडे मागे म्हणजे ११० अंशांच्या आसपास आणि कानापेक्षा जरा वर. सेंटर टीव्हीखाली ठेवणार असाल तर टेबलाच्या अगदी पुढच्या कडेला आणा आणि तोंड वर कानाकडे करा. मी पुढच्या बाजूने खाली दाराला लावायचे दोन रबरी स्टॉपर सरकवले, बस, तेवढ्याने फरक पडला, आधी आवाज आमच्या गुडघ्यांवर येत होता. सबवूफरसाठी जुनी युक्ती करा, सब सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, बेस असलेलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं, जिथे बेस भरीव आणि सारखा ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. कोपऱ्यात जोर जास्त येतो पण बऱ्याचदा नुसता घुमतो.

मग रूम करेक्शनच्या मोजणीचा माइक. पंखा, एसी बंद, माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, टोक छताकडे. सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवू नका. पहिलं मोजमाप तुम्ही जिथे बसता नेमकं तिथे घ्या कारण अंतरं आणि लेव्हल बहुतेक त्यावरूनच ठरतात, बाकीची मोजमापं आसपास फूट-दोन फुटांत. त्याआधी सबच्या मागचं व्हॉल्यूमचं बटण मध्यावर आणि क्रॉसओव्हरचं (कुठल्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबकडे जाईल ते ठरवणारं) बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवा, कापायचं काम रिसीव्हरला करू द्या.

मोजणी झाली की मेनूत जाऊन बघा. स्पीकर 'लार्ज' लावले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, फारच छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. स्मॉल म्हणजे कमीपणा नव्हे, खालचा बेस सबकडे जातो आणि स्पीकर मोकळा होतो. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, म्हणजे सब ८ फुटांवर आणि मेनूत १३, ते चुकलंय समजून दुरुस्त करू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज जरा उशिरा निघतो, तो उशीर रिसीव्हर अंतर वाढवून भरून काढतो.

एवढं सगळं करूनही संवाद कळत नसतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, बऱ्याचदा घोळ तिथे असतो. केबल टीव्हीच्या आर्क लिहिलेल्या पोर्टलाच हवी, सीईसी चालू हवं (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालवायची सोय, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते), टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद, आणि डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएम (टीव्हीने स्वतःच उलगडून दिलेला आवाज) असेल तर ते बदलून पास-थ्रू, ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा. पीसीएमवर बऱ्याच टीव्हींतून फक्त स्टीरिओ बाहेर येतो, आणि अशा वेळी रिसीव्हर डायरेक्ट किंवा स्टीरिओ मोडवर असला तर सेंटर चक्क गप्प बसतो, म्हणजे ज्याच्यासाठी खर्च केला तोच बंद! सेंटरला कान लावून एकदा खात्री करून घ्या.

आणि मग शेवटी सेंटरची लेव्हल २ ते ३ डेसिबल वाढवा. माइकने जे काढलं ते पवित्र मानायची गरज नाही, ऐकणारा माणूस तुमच्या घरातला आहे. रात्री आवाज कमी ठेवायचा असेल तर डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा नाइट मोड लावा, स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. आमच्याकडे सेंटर ३ डेसिबल वर आणि नाइट मोड दिवसाही चालू असतो. तो लावला त्या संध्याकाळी आईने पूर्ण पिक्चर बघितला आणि संपल्यावर त्यातल्या भांडणाच्या प्रसंगावर माझ्याशी वाद घातला, कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द सांगून.

तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे की मागे जागा आहे तेवढं कमेंटमध्ये सांगा, सराउंड कुठे ठोकायचे ते त्यावर ठरेल.