टोकन कुणाच्या खात्यावर?

तासगाव तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. निवृत्तीचे सगळे मिळून ४८ लाख हातात आहेत. सांगलीत शामरावनगर भागात दुसऱ्या मजल्यावरचा रिसेलचा फ्लॅट ४२ लाखांना घ्यायचं मनात आहे. तोच फ्लॅट दोन एजंट दाखवतायत. एक तरुण, महारेराचं (गृहप्रकल्प आणि एजंटांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं, कमिशन दोन टक्के, आणि "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणून दोन लाख टोकन आजच स्वतःच्या खात्यावर टाका म्हणतो. दुसरे साठीतले, प्रमाणपत्र नाही, कमिशन एक टक्का, "वीस वर्षं हेच करतोय" म्हणतात. ताईंचा प्रश्न असा, की यातला जाणकार कोण आणि टोकन द्यावं का?

ताई, टोकन आत्ता देऊ नका, आणि एजंटच्या खात्यावर तर कधीच नको. कारण तुमच्याच आकड्यांत आहे. ४२ लाख फ्लॅटचे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील मिळून अडीच-तीन लाख धरा. नोंदणी फी ३० हजारांच्या वर जात नाही, आणि घर तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. दोन टक्के कमिशनचे ८४ हजार. एवढं झाल्यावर तुमच्याकडे सव्वादोन-अडीच लाख उरतात. म्हणजे टोकन बुडालं तर तुमची जवळजवळ अख्खी शिल्लक बुडाली. पेन्शन आहे हा मोठा आधार, पण उद्या दवाखान्याचा खर्च आला तर पेन्शनीतून भागत नाही.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ते परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आहे. जानेवारी २०२४ पासून एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, त्याचं ते. एजंट म्हणून नोंदणी ही वेगळी गोष्ट. तिचा क्रमांक इंग्रजी 'ए'पासून सुरू होतो (प्रकल्पाचा 'पी'पासून), ती पाच वर्षांसाठी असते आणि महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते. त्या तरुणाकडून क्रमांक मागून घ्या आणि मुदत संपली आहे का बघा. परीक्षा पास होणं वाईट नाही, कायद्याची तोंडओळख तरी होते. पण त्यावरून शामरावनगरमधल्या एका इमारतीचे कागद त्याला वाचता येतात असं धरून चालता येणार नाही.

साठीतल्या गृहस्थांकडे नोंदणी नाही म्हणून ते बेकायदा ठरतात का? या फ्लॅटपुरतं, नाही. एजंटच्या नोंदणीची सक्ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री करणाऱ्यांना आहे, रिसेलला नाही. उद्या तुम्ही नव्या स्कीममध्ये घ्यायचं ठरवलंत, तर मात्र बिननोंदणीचा माणूस दारात उभा करू नका. तिथे प्रकल्पाचा क्रमांकही बघा, कारण आठपर्यंत फ्लॅटच्या किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या छोट्या इमारतींना नोंदणी लागत नाही आणि सांगली-मिरजेत अशा इमारती पुष्कळ आहेत.

'वीस वर्षं' हे शब्द कुणीही बोलतं. ते पडताळायची सोपी वाट आहे. खरेदीखत नोंदवताना ओळख देणारे म्हणून दोघंजण सह्या करतात, आणि बऱ्याचदा त्यात एजंट असतो. त्यांना म्हणा, "गेल्या तीन-चार वर्षांत तुम्ही केलेले तीन व्यवहार सांगा, घेणाऱ्यांशी बोलते." खरं काम केलेला माणूस पाच मिनिटांत नंबर देतो. त्या लोकांना "एजंट चांगला आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "व्यवहाराआधी यांनी घरातली कुठली वाईट गोष्ट तुम्हाला सांगितली?" असं विचारा.

तुमच्या पत्रात एक ओळ मधेच येऊन गेलीय, मला ती सगळ्यात मोलाची वाटली. त्या गृहस्थांनी तुम्हाला आपणहून सांगितलं, की २०१९ला या गल्लीत खालच्या मजल्यांत पाणी होतं आणि पार्किंगमधल्या गाड्या गेल्या. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे पाणी किती वर आलं ते बघा. हे सांगितल्यानं त्यांचा सौदा मोडू शकत होता, तरी त्यांनी सांगितलं. तरुण एजंटनं पुराचा विषयच काढला नाही. त्याला निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा) या इमारतीपासून कुठे जाते ते विचारून बघा. सांगलीत घरं विकणाऱ्याला हे तोंडपाठ हवं. दुसरा मजला आहे म्हणून पाणी घरात येणार नाही, पण लिफ्ट, मीटर, पाण्याची मोटार सगळं खालीच असतं, आणि हे घर उद्या विकायला काढलंत तर घेणारा हाच प्रश्न विचारेल. म्हणून ४२ हा भाव मला जास्त वाटतो. खाली या म्हणायला तुमच्याकडे सबळ कारण आहे.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या गृहस्थांबरोबर पुढे जा. ते म्हणतील म्हणून नव्हे, तर तीन घेणाऱ्यांशी बोलून झाल्यावर. दोघांतला कमिशनचा फरक ४२ हजारांचा आहे, पण त्यासाठी मी हे सांगत नाहीये. चांगलं काम करणाऱ्याला दोन टक्के दिले तरी वावगं नाही. मात्र विकणाऱ्याकडूनही कमिशन घेताय का, हे तोंडावर विचारा. घेत असतील तर त्यात लाज नाही, पण तुम्हाला माहीत हवं. आणि कमिशन खरेदीखत नोंदल्याच्या दिवशी, त्याआधी नाही.

वकील तुमचा तुम्ही शोधा. एजंटनं सुचवलेला नको. तासगावातला चालेल. त्याच्याकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी कुणाकुणाकडून आली आणि बोजा आहे का, याचा अहवाल) काढून घ्या आणि विकणाऱ्याचं आधीचं खरेदीखत, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या तपासून घ्या. फ्लॅटवर कर्ज आहे का, हे मुद्दाम विचारा. मूळ कागद बँकेत असतील तर विकणारा झेरॉक्सवर वेळ मारून नेतो.

एवढं झालं की मग विसार, म्हणजे सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम. पन्नास हजार पुरे, चेकनं, थेट विकणाऱ्याच्या नावे. विसारपावतीत "कागदांत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत" हे वाक्य वकिलाकडून घालून घ्या. दुसरं गिऱ्हाईक तोवर फ्लॅट घेऊन गेलं तर जाऊ दे. सौदा ३८-३९ लाखांत बसला तर तुमच्याकडे पाच-सहा लाख उरतील, तेवढे असल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. नाहीच बसला, तर पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत वर्षभराच्या मुदत ठेवीत ठेवा आणि पावसाळ्यात पुन्हा त्या गल्लीत जाऊन या.