ठिपक्यांच्या ढगात दडलेला पाऊस

प्रश्न : माझी पुतणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मुंबईच्या पावसाचा डेटा व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून दिसणाऱ्या आभासी जगात बघते. परवा मलाही हेडसेट घालायला दिला, तर मला नुसता ठिपक्यांचा ढग दिसला आणि वर दोन मिनिटांत गरगरायला लागलं. ती म्हणते काका, यात लपलेल्या गोष्टी दिसतात. खरंच दिसतात का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : काका, दिसतात, पण नुसतं बघत उभं राहून नाही, हात चालवावा लागतो. २६ जुलै २००५ तुम्ही विसरला नसालच. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४, आता दोघांची सरासरी काढली तर पाचशेच्या वर येते आणि तेवढा पाऊस दोन्हीकडे पडलाच नव्हता! ही गोष्ट कुणी मुद्दाम लपवलेली नाही, सरासरीत ती आपोआप गडप होते.

व्हीआरमध्ये काय करता येतं, तर खाली मुंबईचा नकाशा अंथरायचा आणि एका पर्जन्यमापन स्टेशनचा एका दिवसाचा पाऊस म्हणजे एक ठिपका धरायचा. पाऊस उंचीला लावायचा, म्हणजे जितका जास्त पाऊस तितका ठिपका वर, आणि महिना रंगाला. पण मग पुढचे ठिपके मागच्यांना झाकतात, लोकलच्या दारातल्या गर्दीमुळे आतली रिकामी सीट दिसत नाही ना, अगदी तसं, आणि तुम्हाला ढग दिसला तो यामुळेच. म्हणून आधी रोजच्या साध्या पावसाचे ठिपके फिके करायचे. मग हातातल्या कंट्रोलरने एक कापणारा पडदा ढगातून सरकवायचा, कलिंगड कापल्यावर आतला गर दिसतो तसं अलीकडचं सगळं गायब होऊन आतलं समोर येतं. ठिपक्यावर कंट्रोलरचा किरण धरला की तारीख, स्टेशन, आकडा लिहून येतं. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते घोळका निवडणं, म्हणजे मोठ्या पावसाचे दिवस हाताने वेढायचे आणि शेजारच्या तक्त्यात त्याच दिवसांच्या भरतीच्या वेळा उजळतात, कारण जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी समुद्रात जायला वाटच राहत नाही आणि मग काय होतं ते हिंदमाताला राहणाऱ्यांना विचारा.

एक मात्र सांगते, जवळचा ठिपका मोठा वाटतो, त्यामुळे उंचीचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, आकडाच वाचा. आणि दोनच रकान्यांचा डेटा असेल तर कागदावरचा ग्राफ कधीही बरा, त्यासाठी हेडसेट कशाला.

गरगरण्याचं म्हणाल तर डोळे सांगतात आपण पुढे चाललोय आणि कानातला तोल सांगतो जागेवरच आहोत, त्या भांडणात मळमळतं. जॉयस्टिकने ढगात उडत जाऊ नका, उलट ढगच हाताने धरून आपल्याकडे ओढा, फिरवा, आणि जरा जरी अस्वस्थ वाटलं तरी लगेच हेडसेट काढा.

पुतणीला सांगा, पुढच्या वेळी आधी फक्त सांताक्रूझ आणि कुलाबा ठेव, बाकी सगळं बंद कर आणि २६ जुलैच्या ठिपक्यावर किरण मला धरू दे.