वाचकांचे प्रश्न : तळ्यातला गाळ परत परत का येतो?

प्रश्न : आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. दोन उन्हाळे झाले, तरुण मंडळानं जेसीबी लावून गावतळ्यातला गाळ काढायलाय, पण पाऊस संपला की परत तेवढाच. वर जलपर्णी. पैसे संपले, आता काय करूदे?

उत्तर : दादा, तळं तुम्ही साफ केलात पण गाळ येतोय वरच्या माळावरनं, त्याला कुणी अडवलंच नाही. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन ओढ्याच्या तोंडाशी उभं राहून बघा, पाणी चहासारखं लाल येत असलं तर समजा वर माती सुटलीय. तिथं समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) मारा, ओघळीत दगडाचे छोटे बांध घाला आणि कडेला वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात, माती धरतात.

जलपर्णीचं म्हणाल तर ती गटारावर पोसते, सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस हेच तिचं खत, म्हणून गटार आधी वळवा, नाहीतर उपसून उपसून हात दुखतील.

आणि जेसीबीवाल्याला जरा आवरा हां! तळाचा चिकणमातीचा थर फोडला की पाणी झिरपून जातंय. निघालेला गाळ शेतकऱ्यांना न्यायला सांगा, वाहतूक त्यांची, म्हणजे तुमचा खर्च पण वाचतो.

अतिक्रमणाचं भांडण असेल तर आधी आरटीसी उतारा (आपल्या कर्नाटकातला सातबारा) आणि नकाशा काढून पीडीओंकडे (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) मोजणीचा लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. कन्नडमधनं दिलात तर काम लवकर हलतं, हा आपला अनुभव.