डावा हात मोकळा ठेव

नाशिक

सप्रेम आशीर्वाद.

तुमच्या ग्रुपचं रेकॉर्डिंग ऐकलं. अकॉर्डियन, गिटार, बास आणि ड्रम्स घेऊन चार तरुण मुलं नाशकात जॅझ वाजवतात, याचा मनापासून आनंद झाला. सोबत तू दोन प्रश्न विचारलेत. नोकरी सोडून पूर्ण वेळ यात पडू का? आणि अकॉर्डियन पुढे ठेवून छोटे ग्रुप चालवणाऱ्या जुन्या वादकांची आयुष्यं त्या ग्रुपवर कशी निघाली?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं त्यातच आहे. त्यांची आयुष्यं ग्रुपवर निघाली नाहीत. त्यांच्या बाकीच्या कामावर ग्रुप तगला.

आर्ट व्हॅन डॅम यांचंच बघ. जन्म १९२०चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. अकॉर्डियन, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), गिटार, बास आणि ड्रम्स असं त्यांचं क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा ग्रुप. अकॉर्डियनवर जॅझ शिकणारा प्रत्येक जण आजही त्यांच्या रेकॉर्ड ऐकतो. पण १९४५ ते १९६० हे गृहस्थ शिकागोत एनबीसी रेडिओवर नोकरीला होते. स्टुडिओत वेळेवर हजर व्हायचं, समोर येईल तो स्वरलेखनाचा कागद वाजवायचा, मग तो कुठल्याही कार्यक्रमाचा असो. त्या क्विंटेटमध्ये जी सफाई ऐकू येते, ती या रोजच्या कामातून आली असं माझं ठाम मत आहे. फ्रँक मरोक्को त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत शेकडो चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात अकॉर्डियन वाजवला आणि त्याच्या जोडीला स्वतःचे जॅझ ग्रुप चालवले.

फ्रान्समधले मार्सेल अझोला तर जन्मभर साथीदार म्हणून ओळखले गेले. एदित पियाफ, जाक ब्रेल अशा गायकांना त्यांनी साथ केली. १९६८ साली ब्रेल यांच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना अकॉर्डियन असा पेटला की ब्रेल यांनी गाता गाताच मार्सेलना नावाने हाक मारून चेतवलं. ती हाक गाण्यात तशीच राहिली आणि फ्रान्सभर माणसांच्या तोंडी बसली. हेच अझोला स्तेफान ग्रापेलीसारख्या जॅझ व्हायोलिनवादकाबरोबरही बरोबरीने वाजवत.

रिशार गालियानो यांची गोष्ट तुझ्या वयाच्या मुलांना मी नेहमी सांगतो. चौदाव्या वर्षी त्यांनी क्लिफर्ड ब्राउन यांचा ट्रम्पेट ऐकला आणि जॅझचं वेड घेतलं. १९७३मध्ये पॅरिसला आले, आणि त्यानंतरची किती तरी वर्षं क्लोद नुगारो या गायकासाठी वाजवण्यात, संगीत बसवण्यात गेली. पुढे अर्जेंटिनाचे टँगो संगीतकार आस्तोर पियाझोला यांनी त्यांना सांगितलं की मी जसा माझा टँगो नवा केला, तसा तू तुझ्या मातीतला म्युझेट, म्हणजे फ्रान्समधलं अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत, नवा कर. 'न्यू म्युझेट' ही रेकॉर्ड आली १९९१ साली. तेव्हा गालियानो चाळिशीत पोहोचले होते. आधीची वर्षं वाया गेली असं त्यांच्या वाजवण्यात कुठेच ऐकू येत नाही.

आपल्याकडेही चित्र वेगळं नव्हतं. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे, बहुतेक गोव्याचे, वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे असत, सी. रामचंद्र म्हणजे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. १९४९चा दारूबंदी कायदा आल्यावर हॉटेलांतली कामं आटली आणि स्टुडिओ हाच मोठा आधार उरला. अकॉर्डियनमध्ये गूडी सिरवाई, पुण्याचे एनॉक डॅनियल्स, केरसी लॉर्ड ही नावं तुला पाठ हवीत. 'आराधना'मधल्या 'रूप तेरा मस्ताना'चा अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा. हाच माणूस तालवाद्यं, व्हायब्राफोन आणि त्याच जातीचं छोटं ग्लॉकेनश्पील वाजवायचा, आणि सत्तरच्या दशकात सिंथेसायझरही त्याने आपलासा केला. एकाच वाद्याचा हट्ट धरला असता तर इतकी दशकं काम मिळालं नसतं.

आता तुमच्या रेकॉर्डिंगकडे येतो. मला खरं तर यावरच लिहायचं आहे.

तू फार वाजवतेस. अकॉर्डियनला सूर आहे, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आहेत, बेस (खालचे सूर) आहे, म्हणजे तो एकटाच पुरा बँड होऊ शकतो, आणि छोट्या ग्रुपमध्ये नेमकी हीच अडचण होते. तुझ्या डाव्या हाताखालच्या १२० बटणांत बेसचे सूर आणि तयार कॉर्ड आहेत. बासवाला एका सुरावरून चालत दुसऱ्यावर निघालाय आणि तू खाली मूळ सूर ठोकतेयस. गिटारवाला कॉर्डला नवा रंग देऊ पाहतोय आणि तू त्यावर साधा मेजर दाबतेयस. दोघंही हळूहळू वाजवायचं सोडून देतात. तुमच्या तिसऱ्या गाण्यात मधल्या भागात ते मला स्पष्ट ऐकू आलं.

म्हणून पुढचे काही महिने ग्रुपमध्ये डावा हात फक्त भात्यासाठी ठेव. बटणं बंद. उजव्या हाताने सूर धर आणि भात्याने श्वास घे. व्हॅन डॅम यांच्या क्विंटेटमध्ये अकॉर्डियन, व्हायब्राफोन आणि गिटार एकत्र सूर उचलतात तेव्हा तीन वाद्यांचं मिळून एकच वाद्य झाल्यासारखं वाटतं. जॉर्ज शिअरिंग यांनी १९४९मध्ये पियानो, व्हायब्राफोन आणि गिटार यांचं तसंच मिश्रण केलं, आणि शिअरिंग स्वतः अकॉर्डियनही वाजवत. जो मूनी यांच्या १९४६च्या क्वार्टेटमध्ये तर ड्रम्सच नव्हते: अकॉर्डियन, क्लॅरिनेट, गिटार, बास. इतक्या हळू आवाजात वाजवत की ऐकणाऱ्याने पुढे झुकून ऐकावं. ते नक्की ऐक.

रजिस्टरही बदल, म्हणजे कोणत्या रीड (हवेने थरथरणाऱ्या पट्ट्या) वाजतील ते ठरवणारं बटण. तू सगळ्या रीड एकदम उघडणारा मास्टर सतत लावतेस. त्यात गिटार बुडते. एकाच रीडचं क्लॅरिनेट किंवा बॅसून नावाचं रजिस्टर लाव. थोड्या वेगळ्या सुरात लावलेल्या दोन रीडचा तो थरथरता म्युझेट आवाज गोड असला तरी जॅझच्या जवळजवळच्या सुरांत तो गढूळ होतो.

एकटी बसशील तेव्हा मात्र डाव्या हाताचा कसून रियाज कर. तयार कॉर्ड तीन सुरांचे असतात, जॅझला ते अपुरे पडतात. सी बेसवर ई मायनरचं बटण दाब, सी मेजर सेव्हन मिळेल. डी बेसवर एफ मेजर दाब, डी मायनर सेव्हन मिळेल. सी बेसवर जी मायनर दाबलास तर सी नाइन्थचा रंग येतो. या जोड्या बारा सुरांत बसवून घे. ज्या दिवशी बासवाला आजारी पडेल त्या दिवशी याच जोड्या तुमचा कार्यक्रम वाचवतील.

आणखी एक सांगतो, ते तुला कदाचित विचित्र वाटेल. आठवड्यातून एकदा पंचवटीत किंवा जवळपास कुठे भजन असेल तिथे पेटीच्या साथीला बस. पेटी आणि अकॉर्डियन दोन्हींत हवेने थरथरणारी रीडच असते, पण मला त्यासाठी तुला पाठवायचं नाही. बुवा ओळ कुठे सोडतील ते आधी कळत नाही. ओळ सुटली की सूर भरायचा, ओळ उचलली की मागे सरायचं. सोलो चालू असलेल्या गिटारमागे तुला नेमकं हेच करायचंय, आणि ते शिकवायला जुन्या पेटीवाल्यापेक्षा चांगला गुरू मला माहीत नाही.

वाद्याची काळजी थोडक्यात. रीड मेणाने बसवलेल्या असतात, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत अकॉर्डियन गाडीत ठेवू नकोस. पावसाळ्यात अकॉर्डियन बंद करून कोपऱ्यात टाकू नकोस, रोज थोडा वेळ वाजव. दहा-बारा किलोंचं ओझं आहे. दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना मागून जोडणारी पट्टी लाव. पाठ गेली की वाजवणं गेलं.

आता नोकरी. आत्ता सोडू नकोस. गंगापूर रोडच्या वाइनरीत शनिवार-रविवारी मिळणारी कामं घे. लोक बोलत असतील, पाठ करून बसतील. तरी तिथे तीन-तीन तास सलग वाजवायला मिळतं आणि वर पैसे मिळतात. लग्नाची कामं घे. दोन-चार विद्यार्थी घे. मुंबईत कुणी रेकॉर्डिंगला बोलावलं तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जा, संध्याकाळी परत ये. अशी मिळकत एका वहीत लिही, महिन्यागणिक, ग्रुपची वेगळी आणि बाकीची वेगळी. सलग वर्षभर दोन्ही मिळून घरखर्च निघत असेल, तर वही घेऊन माझ्याकडे ये, मग राजीनाम्याचं बोलू.

ग्रुपच्या पैशांचं आजच ठरव. चौघांना समान वाटा. गाडीभाडं आणि साउंडचा खर्च आधी बाजूला काढायचा. आणि कुणाला किती मिळणार हे कार्यक्रम स्वीकारतानाच सगळ्यांना सांगायचं. पोस्टरवर नाव तुझं असलं तरी. गिटारवाला मुलगा फार चांगला आहे, त्याला धरून ठेव. पुढच्या कार्यक्रमात त्याला मधले दोन कोरस, म्हणजे गाण्याच्या दोन अख्ख्या फेऱ्या, पूर्ण दे, आणि तेवढ्या वेळात तू काहीही वाजवू नकोस.

कळावे, लोभ असावा.

काका