नोतो पायी पाहताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सिसिलीच्या आग्नेय टोकाला नोतो हे जेमतेम चोवीस हजार वस्तीचं गाव आहे. १६९३च्या भूकंपानंतर ते नव्या जागी, एकाच आखणीनं, मधाच्या रंगाच्या दगडात बांधलं गेलं. त्यामुळे बरोक शैलीची, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या नक्षीदार, वळणदार बांधणीची, इतकी सलग वस्ती युरोपात फार कमी ठिकाणी बघायला मिळते. तिथल्या पायी फेऱ्यांबद्दल आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा मुक्काम सिराकुझाला आहे. नोतोसाठी एकच दिवस आहे. गाईडची फेरी सकाळची घ्यावी की दुपारची? (वाचक, पुणे)

सकाळची, आणि शक्य तितक्या लवकरची. वेळ ठरवताना दोन गोष्टी बघा : ऊन कुठून येतं आणि दारं कधी बंद होतात.

गावाचा मुख्य रस्ता, कोर्सो विट्टोरिओ एमानुएले, पूर्व-पश्चिम जातो. कॅथीड्रलसकट बहुतेक मोठी चर्चेस त्याच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे त्यांच्यावर जवळजवळ दिवसभर ऊन असतं. विया निकोलाची ही गल्ली मात्र या रस्त्याला काटकोनात वर चढते आणि तिथल्या पालाझ्झो निकोलाची या वाड्याचे प्रसिद्ध सज्जे सकाळच्या उन्हात बघायचे. तिरकं ऊन असलं की सज्ज्यांखालच्या ब्रॅकेटांवरचे सिंह, पंखवाले घोडे, जलपऱ्या, वाकुल्या दाखवणारे चेहरे भिंतीतून सुटे होऊन पुढे येतात. दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते आणि तेच कोरीवकाम सपाट दिसायला लागतं.

आता दारांचं. बरीच चर्चेस दुपारी साडेबारा-एकला बंद होतात आणि चारच्या आसपास उघडतात. दोन वाजताची फेरी घेतली, तर पैसे भरून बंद दारं बघायची वेळ येते. म्हणून नऊला पोर्ता रेआले या पूर्वेच्या वेशीपाशी भेटायचं, अडीच तासांत पश्चिमेच्या पियाझ्झा सेदिची माज्यो या चौकापर्यंत पोचायचं आणि उरलेल्या वेळात जे चर्च आतून बघायचं राहिलं असेल ते उरकायचं. हे अंतर पाऊण किलोमीटरच्या आतलंच आहे, वेळ जातो तो थांबून बघण्यात. दुपार जेवणाची आणि सावलीची. चारनंतर सान कार्लो चर्चच्या घंटाघरावर किंवा सान्ता क्यारा चर्चच्या गच्चीवर जा. सूर्य पश्चिमेला उतरला की अख्ख्या कोर्सोवर पिवळसर सोनेरी उजेड पसरतो. गाव सर्वात सुंदर दिसतं ते तेव्हा, आणि तेव्हाच बहुतेक सहलींच्या बसगाड्या निघून गेलेल्या असतात.

जाण्यायेण्याचं : सिराकुझाहून रेल्वेनं साधारण अर्धा तास लागतो, पण स्टेशन गावाच्या खाली आहे आणि तिथून सुमारे दीड किलोमीटर चढ आहे. बस वेशीजवळच्या बागेपाशी सोडते, त्यामुळे तीच सोयीची. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बस विरळ असतात. परतीची शेवटची गाडी आधी बघून घ्या, मगच संध्याकाळचा बेत करा.

प्रश्न : मागच्या सहलीत एका दिवसात नोतो, मोदिका आणि रागुझा दाखवले. नोतोत गाईडनं दोन सज्जे दाखवले आणि दुकानात नेलं. चांगला गाईड ओळखायचा कसा? (वाचक, डोंबिवली)

तीन गावं एका दिवसात म्हटलं की प्रत्येकाच्या वाट्याला तासभर येणार. तिथे गाईडच्याही हातात फार काही उरत नाही. एका दिवशी एक गाव, फार तर दोन.

इटलीत गाईडच्या कामाला परवाना लागतो आणि परवानाधारकाकडे ओळखपत्र असतं. ते बघायला मागण्यात काही गैर नाही. नुसता सोबती म्हणून आलेला माणूस आणि स्मारकाची माहिती देण्याचा परवाना असलेला गाईड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्या : कोणकोणत्या वास्तू आतून दाखवणार, त्यांची तिकिटं फीमध्ये धरली आहेत की वेगळी, गटात जास्तीत जास्त किती जण असतील, आणि फेरी कुठे सुरू होऊन कुठे संपेल. गट पंधरा जणांच्या वर गेला की कानात लावायचं यंत्र असायलाच हवं, नाहीतर मागच्या चार जणांना फक्त गाईडची छत्री दिसते.

गाईडची पारख करायला वेशीपाशीच एक जागा आहे. पोर्ता रेआलेच्या माथ्यावर तीन आकृत्या आहेत : मधोमध स्वतःच्या छातीला चोच लावून पिलांना भरवणारा पेलिकन, एका बाजूला बुरूज आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा. म्हणजे त्याग, बळ आणि इमान. ही वेस बरोक नाहीच. १८३८मध्ये तेव्हा सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बाँ घराण्याचा राजा फेर्दिनान्दो दुसरा येणार म्हणून ती उभारली. जो गाईड इथे थांबून ‘ही वेस बाकी गावापेक्षा नंतरची’ एवढं सांगतो, तो पुढेही नीट दाखवेल. दुसरी जागा सान्ता क्यारा. तिच्या कोर्सोकडच्या भिंतीत एक जुनं दार आज हवेत लटकल्यासारखं उंचावर दिसतं. चर्च वर सरकलेलं नाही, एकोणिसाव्या शतकात रस्त्याची पातळी खाली घेतली गेली. अशा जागी गाईड थांबला नाही तर तुम्ही थांबवा आणि विचारा.

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात गावं नव्या जागी वसवली. नोतोही असंच हलवलं म्हणतात. नेमकं काय झालं होतं? (वाचक, लातूर)

किल्लारीच्या बरोबर तीनशे वर्षं आधीची, १६९३ सालची ही गोष्ट. ९ जानेवारीला पहिला धक्का बसला आणि ११ जानेवारीला मोठा भूकंप झाला. आग्नेय सिसिलीत सुमारे साठ हजार माणसं गेली. तेव्हाचं नोतो आल्व्हेरिया नावाच्या डोंगरावर होतं. तीन बाजूंना खोल दऱ्या, त्यामुळे किल्ल्यासारखं सुरक्षित, पण वाढायला जागा नाही आणि वाटा अरुंद. ते पूर्ण कोसळलं. पुनर्बांधणीचे सर्वाधिकार कामास्त्राचे ड्यूक जुझेप्पे लान्झा यांच्याकडे दिले गेले आणि त्यांनी गाव समुद्राच्या बाजूला, आठेक किलोमीटरवरच्या उतारावर हलवायचं ठरवलं. लोकांना हे सहज पटलं नाही. जुन्या जागेकडे परतावं की नव्या जागी राहावं, यावर पुढे कित्येक वर्षं भांडण चाललं. घर गेलं तरी जागेवरचा जीव जात नाही, हे लातूरच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

फेरीत ही आखणी पायाखाली जाणवते. रस्ते सरळ आणि रुंद, थोड्या थोड्या अंतरावर चौक. देखाव्याचा हेतू त्यात होताच, शिवाय पुन्हा जमीन हलली तर माणसांना उघड्यावर धावता यावं हाही होता. खालच्या सपाटीवर धर्मगुरू, उमराव आणि सत्ता, वरच्या नोतो आल्तामध्ये सामान्य लोक. बहुतेक फेऱ्या खालच्या भागातच संपतात. वेळ असेल तर वर चढाच. तिथल्या सान्तिस्सिमो क्रोचिफिस्सो चर्चमध्ये शिल्पकार फ्रान्चेस्को लाउराना यांनी १४७१मध्ये घडवलेली मेरीची संगमरवरी मूर्ती आहे. ती जुन्या नोतोतून भूकंपानंतर आणलेली आहे, म्हणजे नव्या गावापेक्षा दोन शतकांहून जास्त जुनी.

जुन्या गावाचे अवशेष, नोतो आंतिका, बघायचे तर स्वतःची गाडी हवी. सावली नाही, दगडगोटे आहेत. बंद बूट, माणशी दीड लिटर पाणी आणि दोन तास धरा. नव्या नोतोत गाईडशिवाय निभावतं. जुन्या गावात मात्र ढिगाऱ्यात कुठे रस्ता होता आणि कुठे वाडा, हे दाखवणारं कोणीतरी लागतंच.

प्रश्न : जुन्या गोव्याची चर्चेस अनेकदा पाहिली आहेत. नोतोत वेगळं काय दिसेल? (वाचक, मडगाव)

भिंतीचा बाक. १६०५मध्ये पूर्ण झालेल्या जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा दर्शनी भाग एका सपाट भिंतीवर मजल्यामजल्यांनी रचलेला आहे. जांभ्याची भिंत आणि त्यावर वसईहून आणलेल्या काळ्या पाषाणाचं नक्षीकाम. नोतो त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी बांधलं. तोवर वास्तुकार भिंतच वाकवायला लागले होते. सान कार्लोचा दर्शनी भाग आत वळलेला आहे, तर पियाझ्झा सेदिची माज्योमधल्या सान दोमेनिकोचा बाहेर फुगलेला. हा दुसरा वास्तुकार रोझारिओ गाल्यार्दी यांचा. विया निकोलाचीच्या वरच्या टोकाचं मोन्तेव्हेर्जिने चर्च पुन्हा आत वळलेलं, दोन मनोऱ्यांच्या मध्ये.

समोरून फोटो काढला की हा बाक हरवतो. त्यासाठी सान कार्लोच्या दारापासून तीन-चार पावलांवर उभं राहून मान वर करा आणि कंगोऱ्याची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांनी धरून चला. दोन्ही टोकांचे खांब तुमच्याकडे झुकल्यासारखे वाटतील. मग खांबांची डोकी बघा : सर्वात खाली साधी डोरिक, मधे मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली आयोनिक, वर पानापानांची कोरिन्थियन. हा क्रम एकदा ओळखता आला की पुढच्या प्रत्येक चर्चसमोर डोळा आपोआप कामाला लागतो.

दुसरा फरक दगडाचा. नोतोचा चुनखडीचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून इतकं बारीक कोरता आलं. हवेत तो कडक होतो आणि पिकत जातो. पण त्याला छिद्रं फार, ओल आणि क्षार शोषतो आणि पापुद्रे सुटतात. बॉम जेझूवरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला काढल्यानंतर जांभ्याचं पावसात काय झालं, हे गोव्यात दिसतंच आहे. दगड वेगळा, दुखणं त्याच जातीचं.

कॅथीड्रलमध्ये गेलात तर खांबांकडे नीट बघा. १३ मार्च १९९६च्या रात्री त्याचा घुमट आणि छताचा मोठा भाग कोसळला. चर्च रिकामं होतं म्हणून कोणी दगावलं नाही. घुमटाचा भार पेलणारे खांब बाहेरून घडीव दगडाचे होते, पण आत गोटे आणि कमकुवत चुना भरलेला होता. १९९०च्या भूकंपानं ते आतून खिळखिळे केले होते, आणि वर १९५०च्या दशकात जुनं लाकडी छप्पर काढून काँक्रीटचा जड स्लॅब टाकलेला होता. पुन्हा बांधताना खांब भरीव घडीव दगडाचे केले, छप्पर पुन्हा लाकडी केलं आणि २००७च्या जूनमध्ये चर्च उघडलं. आतून ते इतकं पांढरं आणि नवं का दिसतं, त्याचं कारण हे. ही हकिगत ऐकली नाही तर माणसं ‘आत काही नाही’ म्हणून पाच मिनिटांत बाहेर पडतात.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत, दोघांनाही गुडघ्यांचा त्रास आहे. झेपेल का? (वाचक, नाशिक)

कोर्सो झेपेल. तो जवळजवळ सपाट आहे आणि मुख्य भागात गाड्या नसतात. पायऱ्या लागतात त्या चर्चमध्ये शिरताना : सान फ्रान्चेस्को आणि कॅथीड्रल या दोन्हीसमोर मोठे जिने आहेत. सान कार्लोचं घंटाघर सोडून द्या, जिना अरुंद आहे आणि आधाराला फारसं काही नाही. नोतो आल्तासाठी टॅक्सी करा. फरसबंदीचे दगड गुळगुळीत झाले आहेत, पावसात घसरतात, तेव्हा रबरी तळाची पादत्राणं हवीत. गाईड स्वतंत्र घ्या आणि आधीच सांगून ठेवा, की दर वीस मिनिटांनी बसायचं आहे. कॅथीड्रलसमोरच्या पालाझ्झो दुचेझिओ या नगरपालिकेच्या इमारतीला खाली कमानींची ओसरी आहे, तिथली सावली कामाची.

जुलै-ऑगस्ट मात्र टाळाच. सिराकुझाजवळच्या फ्लोरिदियात ११ ऑगस्ट २०२१ला ४८.८ अंश सेल्सियस नोंदलं गेलं आहे. एप्रिल, मेची सुरुवात किंवा ऑक्टोबर बरा.

प्रश्न : आम्ही डब्लिनहून मे महिन्यात येतोय. फुलांच्या गालिच्याचा उत्सव गाठावा का? (वाचक, डब्लिन)

इन्फिओराता मेच्या तिसऱ्या रविवारी असते. विया निकोलाचीचा सुमारे १२० मीटरचा चढ पाकळ्यांच्या चित्रांनी झाकतात. सुंदर असते, पण त्या दिवसांत वास्तू नीट बघून होत नाहीत. गर्दीत गाईडचा आवाज पोचत नाही आणि सज्ज्यांखाली उभं राहायला जागा मिळत नाही. फुलं हवीत तर उत्सव गाठा आणि पायी फेरी दोन-तीन दिवस आधी करा.

प्रश्न : शाकाहारी माणसांनी फेरीच्या मधल्या वेळेत काय खावं? (वाचक, सांगली)

सकाळी बदामाचा ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड पदार्थ. नोतोचा बदाम नावाजलेला आहे आणि हा ग्रानिता बदाम, पाणी आणि साखरेचा असतो. सोबतच्या ब्रिओश पावात मात्र अंडं असतं, ते चालत नसेल तर नुसता ग्रानिता मागा. जेवायला पास्ता अल्ला नोर्मा, म्हणजे तळलेली वांगी, टोमॅटो आणि खारवलेलं रिकोत्ता चीज. बाहेरच्या तळलेल्या भाताच्या गोळ्यांबाबत, आरान्चिनींबाबत, जपून. लोण्याचे म्हणून विकतात त्यातही बऱ्याचदा हॅम असतं. नुसतं ‘सेन्झा कार्ने’ म्हणून भागत नाही, कारण हॅमला तिथे अनेकजण मांसात धरत नाहीत. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोश्शुत्तो, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नकोत, असं तिन्ही सांगा.