दाजीपूरला पोरांचं शिबिर नेताय?

भावा, यंदा मे महिन्यात पहिल्यांदाच पोरांची तुकडी सांभाळणार आहेस, तर आधीच सांगतो: गव्याचं आमिष दाखवू नकोस. दाजीपूरचं राधानगरी अभयारण्य गव्यांसाठीच प्रसिद्ध, कबूल. पण भर दुपारी एवढ्या गलक्यात गवा कशाला समोर येतोय? आणि आलाच, तर फोटोचा नाद सोडून सगळ्यांनी गपगुमान मागं सरकायचं.

त्यापेक्षा वर बघायला शिकव. शेकरू आधी ऐकू येतं, मग फांदीवरनं लोंबणारी झुपकेदार शेपटी दिसते. राज्यप्राणी म्हणून पोरांनी ते पुस्तकात वाचलेलं असतंच. शेंड्याकडं काटक्या-पानांचे गोल गोळे दिसले की ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी बरीच बांधतं. पोरांना मोजायला लाव, वेळ कुठं गेला कळत नाही.

काजव्यांचा कार्यक्रम मेच्या अखेरीस, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्यावरच ठेव. टॉर्च बंद. अगदीच अडलं तर काचेवर लाल जिलेटिन लावून, तेही जमिनीकडं धरून. नर-मादी उजेडानंच एकमेकांना खुणावतात, आपल्या झगमगाटात त्यांचा सगळा घोटाळा होतो. बरणीत भरायचे नाहीत, हे पोरांना एकदा सांगितलं की पुरतं. पालकांना मात्र चारदा सांगावं लागतं.

बाकी नेहमीचंच: वनविभागाची परवानगी आधी, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, भरपूर पाणी. करवंदं खाऊ देत, पण तू ओळखून दिलेलीच.