व्हीएचएफचा अलार्म बंद होतो, पण बोलणं होत नाही

प्रश्न : मालवणला मेव्हण्यांच्या बोटीवर नवा मरीन व्हीएचएफ सेट (समुद्रावर बोलायचा रेडिओ) बसवलाय. दुसऱ्या बोटीचा डिजिटल कॉल आला की अलार्म वाजतो. बटण दाबलं की थांबतो, पण माईकवर बोललो तर पलीकडून कोणी ओ देत नाही. सेट बिघडलाय का? कोल्हापुरात घरी आणून सराव केला तर चालेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सेट ठीक असावा. तुमचं उत्तरच पलीकडे गेलेलं नाही. बहुतेक सेटवर पहिलं बटण फक्त आवाज बंद करतं. डिजिटल कॉल चॅनेल ७० वर येतो आणि तिथे बोलता येत नाही.

अलार्म थांबला की स्क्रीन वाचा. कॉल करणाऱ्याचा नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक (भारतीय बोटीचा ४१९ ने सुरू होतो), आणि बोलायचा चॅनेल, समजा ७२, तिथे दिसतो. मग ‘अ‍ॅकनॉलेज’मध्ये जाऊन ‘एबल टू कम्प्लाय’ (जमेल) पाठवा. सेट ७२ वर गेलाय ना, तेवढं बघा. आता आधी बोलायचं ते कॉल करणाऱ्याने, तुम्ही ऐका. त्या चॅनेलवर येणं जमत नसेल तर ‘अनेबल’ (जमणार नाही) पाठवा, नुसतं गप्प बसू नका. मेनूत आपोआप उत्तर देण्याची सोय असली तरी आम्ही ती बंदच ठेवायला सांगू. सेटजवळ कोणी नसताना उत्तर गेलं, तर पलीकडचा उगाच हाका मारत राहतो.

संकटाचा, म्हणजे ‘डिस्ट्रेस’ कॉल आला तर मात्र डिजिटल उत्तर अजिबात देऊ नका. अडचणीतली बोट तो कॉल साधारण दर चार मिनिटांनी आपोआप पुन्हा पाठवत असते. तुमच्या उत्तराने ते थांबतं, आणि किनाऱ्यावरच्या केंद्राला तो ऐकू आलेला नसेल तर मदत निघतच नाही. लगेच चॅनेल १६ वर, म्हणजे संकटाच्या तोंडी बोलण्याच्या चॅनेलवर जा, स्क्रीनवरची जागा आणि वेळ लिहून घ्या, थोडा वेळ ऐका. कोणीच उत्तर देत नसेल तर १६ वर तोंडी सांगा : ‘मेडे’ (संकटाची खूण असलेला शब्द), त्या बोटीचं नाव किंवा एमएमएसआय तीनदा, ‘धिस इज’ म्हणून आपल्या बोटीचं नाव तीनदा, मग ‘रिसीव्ह्ड मेडे’. लगोलग किनाऱ्याला कळवा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

घरच्या सरावाबद्दल : राजारामपुरीत समुद्रावरचे कॉल येणार नाहीत. व्हीएचएफ जवळपास नजरेच्या टप्प्यातच चालतं, आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मेनू जरूर पाठ करा. पण अँटेना नसताना माईकचं बटण दाबलं तर सेट जळू शकतो, आणि झाकणाखालच्या, संकटाचा कॉल पाठवणाऱ्या लाल बटणाला तर सरावासाठी कुठेच हात लावू नका.